कपड्यांच्या खरेदीतून दूरदेशीच्या बायकांच्या हातात खरंच पैसे पडावेत, यासाठी काय काय करायचं

एथिकल फॅशन म्हटलं की हल्ली एक ठरलेलं चित्र दिसतं. कामात गढलेल्या हसऱ्या बाईचा फोटो, खाली तिचं नुसतं पहिलं नाव, शेजारी "तुमच्या एका खरेदीने हिचं आयुष्य बदललं" असं वाक्य, आणि किंमत नेहमीच्या तिप्पट. यातलं काही खरं असतं आणि काही निव्वळ सजावट असते. दोन्ही ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर आपण करायचं काय, यावर हे सगळं लिहितेय, लांबलचक आहे, सवडीने वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या देशातल्या गरीब बाईला कपड्यांच्या धंद्यातून वर यायचं असेल तर तिला तीन गोष्टी लागतात: वर्षभर काम, वेळेवर पैसे आणि ते पैसे तिच्या स्वतःच्या हातात. लेबलं, फोटो, सेंद्रिय सूत, रिसायकल केलेली पिशवी यांनी या तीन गोष्टींना हातभार लागत असेल तर छानच, नसेल लागत तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

ही काही माझी थिअरी नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९७८ साली आडोंग नावाचं दुकान काढलं ते याच कारणासाठी. खेड्यातल्या बायका रेशीम नि भरतकामाचा माल शहरातल्या दुकानांना द्यायच्या आणि दुकानदार पैसे द्यायला महिनोन् महिने लावायचे. ज्या घरात आठवड्याचा किराणा उधारीवर येतो तिथे तीन महिन्यांनी मिळणारे पैसे म्हणजे सावकाराचंच राज्य. मग संस्थेने ठरवलं की दुकान आपणच काढू आणि माल हातात आला की लगेच पैसे देऊ. डिझाइन, ब्रँडिंग वगैरे सगळं नंतर आलं, सुरुवात झाली ती वेळेवर पैसे देण्यापासून.

पहिलं काम: पैसा कुठे जातो ते समजून घ्या

हे न करता थेट शॉपिंगला निघालात तर कुणीही फसवेल. युरोपातल्या फेअर वेअर फाउंडेशनने एका साध्या टी-शर्टचा हिशोब मांडला होता, तो मी सगळ्यांना सांगत असते. दुकानात २९ युरोला विकल्या जाणाऱ्या टी-शर्टमध्ये दुकानाचा खर्च आणि नफा मिळून १७ युरो जातात, ब्रँडचा नफा साडेतीन युरोच्या वर, कापड-कच्चा माल ३ युरो ४० सेंट, वाहतूक २ युरोच्या वर, कारखान्याच्या मालकाला १ युरो १५ सेंट आणि शिवणाऱ्या कामगारांना सगळ्यांना मिळून १८ सेंट. म्हणजे किमतीच्या एक टक्काही नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, मजुरी दुप्पट केली तरी टी-शर्ट काही परवडेनासा होत नाही, हे "स्वस्त हवं असेल तर मजुरी कमीच राहणार" म्हणणाऱ्यांना ऐकवायला चांगलं आहे. दुसरी गोष्ट जरा उलटी आहे: महाग कपडा म्हणजे जास्त मजुरी असं अजिबात नसतं. एकाच कारखान्यात एकाच लाइनवर सकाळी स्वस्त ब्रँडचा शर्ट आणि दुपारी महागड्या ब्रँडचा शर्ट शिवला जातो आणि शिवणाऱ्या बाईला दोन्हीचा पगार तोच. म्हणून किंमत बघून नीतिमत्ता मोजू नका.

अजून एक फरक डोक्यात पक्का बसवा. कायद्याने ठरवलेली किमान मजुरी वेगळी आणि घर चालेल एवढी मजुरी वेगळी. बांगलादेशात डिसेंबर २०२३ पासून गारमेंट कामगाराची किमान मजुरी महिन्याला १२,५०० टका झाली, कामगार संघटना मागत होत्या २३,०००. म्हणजे एखादी कंपनी छाती पुढे काढून "आम्ही कायद्याप्रमाणे पगार देतो" म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते आणि तरीही त्या पगारात घर चालत नसतं. घर चालेल एवढी मजुरी किती हे काढायच्या पद्धती तयार आहेत, आशिया फ्लोअर वेज अलायन्सची एक आहे, अँकर पद्धत म्हणून दुसरी आहे, त्यात खाणं, घरभाडं, औषधपाणी, मुलांचं शिक्षण, थोडी शिल्लक असं सगळं धरतात आणि तेही ओव्हरटाइम न करता. त्या-त्या देशाचा आकडा शोधला की मिळतो.

दुसरं: आपलं कपाट

हे पटकन उरकते कारण सगळ्यांना माहीत आहे. कमी घ्या, जे घ्याल ते जास्त वापरा, दुरुस्त करा. पण यात एक पेच आहे आणि तो लोक टाळतात. सगळ्यांनी उद्यापासून खरेदी बंद केली तर पहिली नोकरी जाईल ती लाइनवरच्या बाईची, मालकाची नाही. त्यामुळे मी "काहीच घेऊ नका" असं म्हणत नाही, वर्षाला जे काय बजेट आहे ते दहा ठिकाणी उधळण्यापेक्षा दोन-तीन तपासलेल्या ठिकाणी, दर वर्षी, परत परत लावा असं म्हणते. एकदाच घेऊन विसरून जाणाऱ्या शंभर ग्राहकांपेक्षा दर वर्षी परत येणारे वीस जण गटाला जास्त उपयोगाचे असतात, कारण त्यांच्या भरवशावर पुढच्या वर्षीचं काम ठरवता येतं.

तिसरं: ब्रँड तपासणे, तासाभराचं काम

आधी कपड्याच्या आतलं लेबल बघा. "अमुक देशात बनवलेलं" याचा अर्थ फक्त शेवटची शिलाई तिथे झाली एवढाच. कापूस कुठला, सूत कुठे कातलं, कापड कुठे विणलं-रंगवलं हे त्यात नसतंच.

मग ब्रँडच्या वेबसाइटवर जाऊन कारखान्यांची यादी शोधा. आम्ही पारदर्शक आहोत असं लिहिलेलं नको, नावं आणि पत्ते असलेली यादी हवी. ती नसेल तर ओपन सप्लाय हब म्हणून एक मोफत वेबसाइट आहे, तिथे ब्रँडचं किंवा कारखान्याचं नाव टाकलं की कोण कुठे माल बनवून घेतं ते नकाशावर दिसतं. ब्रँड ब्रिटनमध्ये धंदा करत असेल आणि उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंडांच्या वर असेल तर २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टखाली, आपल्या धंद्यात वेठबिगारी होऊ नये म्हणून काय केलं याचं निवेदन त्यांना दर वर्षी काढावं लागतं. ते उघडा आणि दोन वर्षांची शेजारी शेजारी ठेवून वाचा. वर्ष बदललंय आणि मजकूर अक्षरशः तोच आहे असं दिसलं तर समजून जा. "आम्हाला अमुक ठिकाणी प्रॉब्लेम सापडला आणि आम्ही हे केलं" असं लिहिणारी कंपनी मला "आमच्याकडे सगळं उत्तम" म्हणणाऱ्या कंपनीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

एक सावधगिरी. यादी दिली म्हणजे पगार चांगला देतात असं नाही. यादीमुळे फक्त एवढं होतं की काही घडलं तर कामगार संघटनेला कोणाचं दार ठोठवायचं ते कळतं. पण हे "फक्त" लहान नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा इमारत पडली, अकराशेच्या वर माणसं गेली, बहुतेक बायका. तेव्हा ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं उचलून आणून सिद्ध करावं लागलं की कोणकोणते ब्रँड तिथे माल शिवून घेत होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरच्या शिवणाऱ्या बायकांना मात्र कामावर या नाहीतर पगार कापू असं सांगितलं गेलं. त्या कारखान्यांमध्ये युनियन नव्हती. एकट्या बाईने "मी आत जाणार नाही" म्हणणं आणि पाचशे जणींनी मिळून म्हणणं यात काय फरक असतो ते त्या दिवशी दिसलं. म्हणून तपासताना हा प्रश्न माझ्या यादीत सगळ्यात वर असतो: तिथे कामगारांना संघटना करता येते का?

चौथं: शिक्के, म्हणजे सर्टिफिकेटं

शिक्का काय सांगतो यापेक्षा काय सांगत नाही ते बघायची सवय लावा.

गॉट्स हा शिक्का प्रामुख्याने सेंद्रिय धाग्याचा. "ऑरगॅनिक" लिहायला किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो, "मेड विथ ऑरगॅनिक" लिहायला ७० टक्के. कामगारांबद्दलही अटी आहेत, पण लोक ज्यासाठी तो घेतात ते धागा आणि रसायनं.

फेअरट्रेडच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. फेअरट्रेड कॉटनचा शिक्का कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यापुरता आहे, शर्ट शिवणाऱ्या बाईबद्दल तो काही बोलत नाही. शिवणाऱ्यांपर्यंत जाणारं वेगळं टेक्स्टाइल स्टँडर्ड त्यांनी २०१६ मध्ये आणलं, त्यात सहा वर्षांत घर चालेल एवढ्या मजुरीपर्यंत पोचायची अट आहे. दोन्ही शिक्के दिसायला बहिणी-बहिणी, तेव्हा खालची बारीक ओळ वाचा.

वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन, म्हणजे डब्ल्यूएफटीओ, ही मात्र वस्तूला नाही तर पूर्ण संस्थेला तपासते. हातकामाच्या मालासाठी त्यांचा एक नियम मला फार आवडतो: कारागिरांनी मागितलं तर ऑर्डरच्या किमान निम्मे पैसे आधी, बिनव्याजी द्यायचे. ज्या बाईकडे धागा घ्यायला पैसे नाहीत तिच्यासाठी हा एक नियम बाकीच्या दहा पानांपेक्षा मोठा आहे, कारण नाहीतर ती धागा दलालाकडून उधार घेते आणि मग माल त्याच दलालाला, तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागतो.

आणि शिक्क्यांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनी कराचीचा अली एंटरप्रायझेस कारखाना लक्षात ठेवावा. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे आग लागली, अडीचशेच्या वर कामगार गेले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं एसए ८००० हे सर्टिफिकेट मिळालं होतं, म्हणजे कागदावर सगळं चोख. ऑडिटवाले सांगून येतात, एक-दोन दिवस थांबतात, फाइली बघतात आणि निघतात. वर्षभर आतच असणारी कामगारांची संघटना आणि दोन दिवस येणारा ऑडिटर यात कोणाला जास्त दिसणार ते तुम्हीच बघा. राणा प्लाझानंतर जो बांगलादेश अकॉर्ड झाला तो म्हणूनच वेगळा होता, ब्रँड आणि युनियन यांच्यातला कायद्याने बांधणारा करार, नुसती वचनं नाहीत, आणि त्यातून हजारावर कारखान्यांत जिने, दरवाजे, वायरिंग खरोखर बदललं गेलं. पुढे तो पाकिस्तानपर्यंत नेला. ब्रँड तिथून माल घेत असेल आणि या अकॉर्डवर त्याची सही नसेल तर का नाही ते विचारा.

पाचवं: विचारा, आणि नीट विचारा

"तुम्ही एथिकल आहात का" असं विचारलं की कस्टमर केअर एक गोड पॅरेग्राफ चिकटवून पाठवतं. त्याऐवजी ज्याचं उत्तर हो-नाही किंवा आकड्यात येईल असं विचारा:

हा कपडा कोणत्या कारखान्यात शिवला? तिथला सगळ्यात कमी पगार किती आणि त्या भागात घर चालवायला किती लागतात असं तुमचा हिशोब सांगतो? कारखान्याला पैसे माल पोचल्यावर किती दिवसांनी देता? काही काम घरी बसून करणाऱ्या बायकांकडे जातं का, आणि जात असेल तर त्यांची नोंद कोणाकडे आहे?

शेवटचा प्रश्न बहुतेकांना अडचणीचा वाटतो. मणी लावणं, भरतकाम, धागे कापणं अशी कामं कंत्राटदारामार्फत घरोघरी जातात आणि ती करणाऱ्या बायका कुठल्याच कागदावर नसतात. "आमच्याकडे काम घरी देणं बिलकुल चालत नाही" असं उत्तर आलं तर खूश होऊ नका, बऱ्याचदा त्याचा अर्थ असा की कंपनीने बघितलेलंच नाही. बंदी घातली की काम थांबत नाही, लपतं.

सहावं: बायकांच्या गटाकडून थेट घेणं

ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेत एडना रूथ बायलर नावाच्या बाईंनी १९४६ मध्ये पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम आणून आपल्या गाडीच्या डिकीतून विकायला सुरुवात केली, त्याचंच पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस झालं. रवांडात नरसंहारानंतर गहाया लिंक्स या कंपनीने हुतू आणि तुत्सी या दोन्ही समाजांच्या बायकांना एकत्र बसवून टोपल्या विणून घेतल्या आणि २००५ पासून त्या अमेरिकेतल्या मेसीज या मोठ्या दुकानात गेल्या. इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा एथिकल फॅशन इनिशिएटिव्ह २००९ पासून केनिया, बुर्किना फासो अशा ठिकाणच्या कारागिरांना मोठ्या डिझायनरांशी जोडतो आणि त्यांचं घोषवाक्यच आहे की दान नको, काम द्या.

तुम्ही घेताना विक्रेत्याला हे विचारा: गट कोणाच्या मालकीचा आहे, बायकांच्या की संस्थेच्या की एखाद्या उद्योजकाच्या? किंमत कोण ठरवतं? मागच्या वर्षी किती महिने काम होतं? पैसे कोणाच्या खात्यात जातात? "नफ्याचा काही भाग महिलांसाठी" हे वाक्य दिसलं तर जास्त सावध व्हा. नफा शून्य आला तर भागही शून्य, आणि मजुरी तर आधीच द्यायला हवी होती, ती नफ्यातून देणं म्हणजे उपकाराची भाषा झाली.

फोटोंबद्दल एक. बाईच्या दुःखाची सविस्तर कहाणी, नवऱ्याने टाकलं, एवढी मुलं, हे सगळं नावासकट वेबसाइटवर टाकणारे विक्रेते मला खटकतात. तिने हो म्हटलं असेल, पण जी ऑर्डर देते तिला नाही म्हणणं किती सोपं असतं? त्याऐवजी भरतकामाचा टाका कोणता, कापड कुठलं, किती तास लागले हे लिहिणारा विक्रेता शोधा.

सातवं: स्वतः माल आणून विकायचा असेल तर

हा भाग सगळ्यात मोठा आहे कारण चांगल्या मनाची माणसं इथेच सगळ्यात जास्त नुकसान करून ठेवतात.

भाव ठरवण्यापासून सुरू करू. समजा भरतकामाची पिशवी आहे. गटातल्या ताईंना "एक पिशवी किती वेळात होते" असं विचारलंत तर उत्तर येतं "दिवसाला दोन होतात की". त्यावर भाव ठरवू नका. ती पहाटेपासून रात्रीपर्यंत मधूनमधून करत असते आणि मधले टाके मुलगी किंवा सासू घालत असते, ते त्या "दोन" मध्ये धरलेलं असतं आणि पैशांत मात्र नाही. शेजारी बसा, घड्याळ लावा, चार वेगवेगळ्या बायकांचं काम बघा, सगळ्यात चपळ असलेल्या एकीचं धरू नका. समजा असं निघालं: नक्षी उतरवायला १५ मिनिटं, भरतकाम २४०, शिलाई ४०, धागे कापून-धुऊन-इस्त्री २०, आणि माल सेंटरला नेऊन देणं, मोजून घेणं यातला एका पिशवीचा वाटा १५. एकूण ३३० मिनिटं, साडेपाच तास.

आता त्या भागात घर चालेल एवढी मजुरी महिन्याला स्थानिक चलनात २०,८०० आहे असं धरा. आठवड्याला ४८ तासांच्या हिशोबाने महिन्याचे साधारण २०८ तास होतात, म्हणजे तासाला १००. पिशवीची मजुरी ५५० झाली. त्यात तिच्या घरची वीज, सुया, आजारपण आणि सुट्टीचे दिवस यासाठी साधारण पंधरा टक्के घाला, म्हणजे सव्वासहाशे-साडेसहाशे. दलाल देत होता २५०, आणि "दिवसाला दोन म्हणजे पाचशे, चांगलंच की" असं सगळ्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात तासाला ४५ पडत होते. हा हिशोब कागदावर, तिच्या भाषेत, सगळ्या गटासमोर मांडा. हीच पद्धत पुढे दुसऱ्या खरेदीदाराशी भाव करताना तिला वापरता येते आणि माझ्या मते तुमच्या ऑर्डरपेक्षाही ती जास्त टिकते.

भाव परवडत नसेल तर तास कमी करा, तासाचा दर नाही. नक्षी लहान करा, भरतकाम पूर्ण पिशवीऐवजी फक्त खिशावर ठेवा. डिझायनरचं खरं काम हेच आहे.

मग ऑर्डर केवढी आणि कधी. गटात वीस बायका आहेत आणि घर सांभाळून प्रत्येकीला आठवड्याला तीस तास मिळतात असं धरलं तर सहाशे तास झाले, म्हणजे आठवड्याला साधारण शंभर पिशव्या. तुम्ही चारशे पिशव्या दोन आठवड्यांत मागितल्या तर तीनच गोष्टी होऊ शकतात: रात्रीची जागरणं, शाळा बुडवून मुलीला बसवणं किंवा बाहेर कोणाला तरी कमी पैशात काम देणं. आणि यातलं कुणी तुम्हाला सांगणार नाही कारण ऑर्डर घालवायची नसते. म्हणून उलटं मोजा, पाच-सहा आठवडे द्या, पेरणी-कापणीचे आणि सणाचे दिवस आधी विचारून घ्या. सुरुवात पन्नास पिशव्यांनी करा. पहिल्या झटक्यात मोठी ऑर्डर, त्यासाठी नव्या मशिनी कर्जाने, आणि पुढच्या वर्षी ट्रेंड गेला म्हणून शुकशुकाट, याने गट बुडतात. दर दोन महिन्यांनी लहान ऑर्डर, तीही वर्षाची आधी सांगून, हे शंभर पटीने चांगलं.

पैसे: निम्मे ऑर्डर देताना, बाकीचे माल ताब्यात घेताना. तुमच्या गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावर नाही. कुणाच्या हातात जातात हे तर नक्की बघा, कारण नवऱ्याच्या किंवा गटप्रमुखाच्या खात्यात एकरकमी टाकलेल्या पैशांचं पुढे काय होतं ते आपल्याला दिसत नाही. केनियात २००७ मध्ये एम-पेसा आल्यापासून अनेक देशांत मोबाइलवर थेट तिच्या नंबरवर पैसे पाठवता येतात. पण सिमकार्ड तिच्याच नावावर आहे ना, ते आधी विचारा.

रिजेक्शनचे नियम आधी लिहून ठेवा. मंजूर केलेली एक पिशवी गटाकडे, तशीच एक तुमच्याकडे, दोन्हीवर सह्या. किती मिलिमीटर वाकडं चालेल, रंगात किती फरक चालेल हे कापडाच्या तुकड्यांसकट ठरवा. दहा पिशव्या झाल्या की मध्येच तपासा, चारशे झाल्यावर नाही. सदोष कापड तुम्ही दिलं असेल तर मजुरी पूर्ण द्यायची, यावर चर्चाच नको.

रंगाचं विशेष सांगते. युरोपात काही ॲझो रंगांवर बंदी आहे, त्यातून निघणारी घातक अमाइन्स किलोला ३० मिलिग्रॅमच्या वर सापडली तर माल अडकतो. बाजारातला सुटा स्वस्त रंग वापरून बाईने धागा रंगवला तर दोष तिचा नाही, तिला कोण सांगणार होतं? धागा-रंग तुम्ही तपासून पुरवा किंवा टेस्टिंगचा खर्च तुम्ही उचला. धाग्याचं प्रमाण लिहिलेलं लेबल युरोप-अमेरिकेत सक्तीचं आहे, आणि "हाताने बनवलेलं" आहे म्हणून कस्टम ड्युटी आपोआप माफ होत नाही. कस्टम एजंटकडून वस्तूचा कोड आधी काढून घ्या, नाहीतर बंदरावर पडून राहिलेल्या खोक्याचं भाडं नफा खाऊन टाकतं.

आणि दुकानांमार्फत विकणार असाल तर दुकानदार साधारण छापील किमतीच्या निम्म्यात माल मागतो, हे पहिल्या दिवशीच हिशोबात धरा. नंतर कळलं की कात्री मजुरीलाच लागते.

आठवं: जुने कपडे गठ्ठे बांधून पाठवू नका

हे ऐकून लोक नाराज होतात. पण दान केलेल्या कपड्यांचा मोठा भाग गठ्ठ्याने विकला जातो. घानाची राजधानी आक्रा, तिथला कांतामांतो बाजार बघा. आठवड्याला दीड कोटी कपडे येतात असा तिथे काम करणाऱ्या ऑर फाउंडेशनचा अंदाज आहे. व्यापारी बंद गठ्ठा विकत घेतो, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, फाटका-डागाळलेला माल निघाला की तोटा त्याचा आणि कचरा शहराचा. साधारण ५५ किलोचे हे गठ्ठे डोक्यावरून वाहतात त्या मुली आणि तरुण बायका, त्यांना तिथे कायायेई म्हणतात. स्त्रियांच्या मदतीच्या नावाने टाकलेला कपडा शेवटी स्त्रीच्याच मानेवर येतो. गार्थ फ्रेझर या अर्थतज्ज्ञाने २००८ मध्ये दाखवलं की १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतलं कपड्यांचं उत्पादन जे घसरलं त्यातल्या साधारण ४० टक्के घसरणीला हे जुने कपडे कारण होते.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे, त्याच बाजारात हजारो लोक शिलाई, रंगकाम, विक्री करून पोट भरतात, जानेवारी २०२५ मध्ये तिथे मोठी आग लागली तेव्हा कितीतरी जणांचा धंदाच गेला. रवांडाने २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरची ड्युटी किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केली तर अमेरिकेने २०१८ मध्ये त्यांच्या कपड्यांची करसवलतच थांबवली. म्हणजे प्रश्न सरळ नाही. तुमच्यापुरतं एवढं करा: वापरण्यासारखा कपडा जवळच्या माणसाला द्या, फाटका कपडा कुणालाच देऊ नका.

"एक घ्या, एक गरिबाला जाईल" या स्कीमही याच जातीच्या. टॉम्स ही बुटांची कंपनी यासाठीच प्रसिद्ध होती. एल साल्वाडोरमध्ये त्याचा अभ्यास झाला तेव्हा मुलांच्या आयुष्यात मोठा फरक दिसला नाही, उलट आपल्या घरच्या गरजा बाहेरच्यांनी भागवाव्यात असं म्हणणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. कंपनीने २०१९ मध्ये ती पद्धत सोडली.

नववं: खरेदीच्या पलीकडचं

मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा मोठमोठ्या ब्रँडनी तयार झालेल्या मालाचेसुद्धा पैसे द्यायला नकार दिला, एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरच्या वरच्या ऑर्डरी रद्द झाल्या किंवा लटकल्या. तेव्हा सोशल मीडियावर "पे अप" मोहीम चालली आणि बऱ्याच ब्रँडना पैसे द्यावे लागले. त्यात सामान्य ग्राहकांनी केलेलं काम म्हणजे कमेंट्स, ईमेल, सह्या, इतकंच होतं. बिनकामाचं वाटतं, पण चाललं.

लेसोथोचं उदाहरण मला त्याहून मोठं वाटतं. तिथल्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांत नोकरी टिकवायची तर सुपरवायझरच्या लैंगिक मागण्या सहन करा अशी अवस्था होती, वर्कर राइट्स कन्सोर्टियम या कामगार हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेच्या तपासात ते बाहेर आलं. २०१९ मध्ये स्थानिक युनियन, महिला संघटना, कारखाना आणि लीव्हायसारखे खरेदीदार यांच्यात करार झाला: तक्रारी तपासायला स्वतंत्र यंत्रणा, आणि कारखान्याने पाळलं नाही तर ऑर्डर कमी. हे कुठल्या शिक्क्याने झालं नाही.

बहिष्काराचं काय, असं सगळे विचारतात. माझा नियम साधा आहे: तिथल्या कामगारांनी मागितला तर करा, नाहीतर नको. तुम्ही रागाने ब्रँड सोडला आणि ब्रँडने त्या रागाला घाबरून कारखाना सोडला, तर भोगणार बायकाच. क्लीन क्लोद्स कॅम्पेन ही संस्था कामगारांनी विनंती केल्यावर तातडीची आवाहनं काढते, त्यात कारखान्याचं नाव, घडलं काय आणि मागणी काय ते लिहिलेलं असतं. असं आवाहन आलं आणि तो ब्रँड तुमच्या कपाटात असेल तर त्याच दिवशी ब्रँडच्या मुख्य ऑफिसला पाच ओळींचं ईमेल करा: मी तुमची ग्राहक, अमुक कारखाना, अमुक तारखेची घटना, कामगारांची मागणी ही, तुम्ही कधीपर्यंत काय करणार ते कळवा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर तेच ईमेल परत पाठवा, या वेळी कॉपी त्या कामगार संघटनेलाही लावा.